भाचीच्या हातावरचा मेंदीचा नंबर

आधीच सांगून टाकते, पोरगी सापडली. नाई तर वाचता वाचता तुमचा जीव वरखाली होईन अन् मग मले शिव्या द्यान. सापडली, धडधाकट आहे, आत्ता मी हे टाईप करून राहिली तं बाजूले बसून माह्या चार्जरची वायर ओढून राहिली.

तं झालं असं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो. पाण्याचे झुले, घसरगुंड्या, लाटांचा तलाव, छोटी रेल्वे, सगळं एकाच जागी. पांढुर्ण्याहून आम्ही चौघी, म्हणजे आई, वहिनी, मी अन् वहिनीची पाच वर्षाची पोरगी, माही भाची. दादाले सुट्टी नव्हती. सौसरहून वहिनीच्या माहेरचे, तिचा भाऊ, म्हणजे पोरीचा मामा, मामी अन् त्यायचे दोन पोरं. भाड्याची गाडी केली, सकाळी सौसरले थांबून त्यायले घेतलं अन् निघालो.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी भाचीच्या हातावर मेंदी काढली. एका तळव्यावर फूल अन् दुसऱ्या हाताच्या आतल्या बाजूनं, मनगटापासून कोपरापर्यंत, वहिनीचा मोबाईल नंबर. मोठे मोठे आकडे. पेनानं लिहिलं तं पाण्यात जाईन, मेंदी आठ दिवस जात नाई! मले माह्या डोक्याचा एवढा अभिमान वाटला का मी त्याचा फोटो काढून स्टेटसले ठेवला.

आई म्हणे, "पोरगी आहे का दुकानाची पाटी?"

वहिनी हसली, पण तिले आवडलं होतं. तिनं पोरीले तीनदा पाठ करून घेतलं, "कोणी विचारलं तं काय करायचं?" पोरगी हात पुढं करे, पोलिसाले लायसन दाखवल्यावानी.

आता वहिनीचं सांगते. लग्न होऊन सात वर्षं झाले, पण तिले मी कधी पळताना पाहिली नव्हती. घरात तिच्या कडेवर पोरगी, नाई तं हातात कणिक. त्या दिवशी पार्कातली ती सगळ्यात उंच घसरगुंडी पाहून तिचे डोळे असे चमकले का काय सांगू. पण पोरीचा हात सोडेना.

मी म्हटलं, "वहिनी, जा ना वो! मी आहे ना. दे इकडं पोट्टीले."

"पाहशील नं नीट?"

"अवो, मी काय लहान आहे का?"

मामीनं तिले ओढतच नेलं. मी अन् भाची लहान पोरांच्या उथळ पाण्यात, तिथं एक मोठी छत्री होती, वरून पाणी पडे. आई काठावर पाय बुडवून बसली होती. थोड्या वेळानं मामा आला, पोरीले खांद्यावर घेतलं, गोल गोल फिरवलं. ती खिदळून राहिली. मी तिकडं घसरगुंडीवर वहिनीचा नंबर आला का ते पाहून राहिली होती. आली! वरून अशी किंचाळत आली, केस मोकळे, अन् खाली पडल्यावर तोंडातलं पाणी थुंकत हसत सुटली. मी दोन्ही हात हलवून ओरडली. लगेच ती परत रांगेत लागली.

मागं वळली तं मामाही नाई अन् पोरगीही नाई.

मले भीती नाई वाटली. इथंच खरी चूक आहे. मले वाटलं मामानं नेली. अन् मामानं नेली तं विचारायचं कसं? आमच्याकडं माहेरच्या माणसाले "पोरगी कुठं आहे हो?" असं विचारलं म्हणजे त्याच्यावर भरोसा नाई असं होते. मामाच्या खांद्यावरून भाची मागून घेत नाई कोणी. मी तशीच उभी राहिली. मग लांबून मामा दिसला, एकटाच, आपल्या पोरायच्या मागं पळून राहिला होता. तरी माह्या डोक्यानं काय म्हणावं? "मामीजवळ असन." मामी तं वहिनीसोबत रांगेत होती, हे मले तेव्हा सुचलंच नाई. पंधरा-वीस मिनिटं मी लाजेपायी गप्प राहिली. पंधरा-वीस मिनिटं!

मामा पोरायले घेऊन आला तेव्हा मी त्याच्या मागं वाकून पाहिलं.

"पोरगी?"

"तुह्याजवळ नाई का? मी तं तुह्या पाठीमागंच खाली ठेवली. म्हटलं, जा आत्याजवळ."

माह्या कानात पाण्याचा आवाज बंदच झाला. तेवढ्यात वहिनी अन् मामी आल्या. वहिनी हसत हसतच आली, "आई वो, पोटात असा गोळा येते..." अन् तिनं आमचे तोंडं पाहिले. तिनं फक्त माह्या हाताकडं पाहिलं. रिकाम्या. सरळ पळत सुटली. तिले पळताना मी पहिल्यांदा पाहिलं, अन् ते माह्यामुळं.

काठावर शिट्टीवाली एक बाई गार्ड होती, तिले मी गाठलं. मले बोलताही येईना नीट, हिंदी-मराठी सगळं एक. ती एकदम शांत.

"कितने साल की? पहना क्या है?"

मागून आई ओरडली, "लाल फ्रॉक! लाल, झालरवाला!"

गार्डनं वायरलेसवर लाल म्हटलंही. अन् मग मले आठवलं, लाल फ्रॉक तं लॉकरमधी आहे! पार्कात पाण्यात जायले त्यायचेच भाड्याचे कपडे घालावे लागतात, निळे, बाजूनं पिवळी पट्टी. मी सांगितलं तं गार्डनं चहूकडं हात फिरवला. "दीदी, यहाँ सब नीला ही है।" खरंच. शंभर पोरं, शंभरही निळे.

पण ती बाई पक्की होती. पहिले गेटवर सांगितलं, कोणतंही लहान लेकरू बाहेर चाललं असन तं सोबतच्या माणसाले थांबवून विचारा. मग मले विचारलं, आजचा फोटो आहे का, इथं आल्यावरचा? अन् ती बोलून राहिली होती तेव्हा दुसरा एक गार्ड तलावाजवळ गेला. तो लोकायकडं पाहत नव्हता. तो पाण्यात पाहून राहिला होता. तळाकडं. आई खाली बसून मारुतीचं नाव घेऊन राहिली होती. मामा लाटांच्या तलावात उतरला, प्रत्येक निळ्या पोरीले वळवून तोंड पाहे. लोक त्याच्यावर चिडून राहिले होते, "ओ भैया, क्या कर रहे हो?" अन् तो हात जोडून पुढं जाय.

फोटो! सकाळी गाडीत काढला होता, चेहरा तं दिसन. पण फोन लॉकरमधी, सगळ्यायचेच, पाण्यात भिजू नये म्हणून. चावी माह्या मनगटाले. मी ओल्या फरशीवरून पळाली, दोनदा घसरली, गुडघा फुटला, ते नंतर समजलं.

लॉकरच्या खोलीत एक पोरगी काउंटरवर बसली होती. ती मलेच म्हणते, "दीदी, वो आपका लॉकर है क्या? कब से बज रहा है।"

वहिनीचा फोन! नऊ मिस्ड कॉल, एकाच नंबरवरून. हातातच परत वाजला.

"अवो बाई, कधीची लावून राहिली मी फोन! ही निळी पोट्टी तुमची आहे का? हातावर नंबर आहे."

मी तिथंच भोंगा पसरला. ती बाई पलीकडून ओरडे, "रडू नको, रडू नको, छोट्या रेल्वेजवळ ये, कडुलिंबाखाली!" काउंटरवरच्या पोरीले म्हटलं, गार्डले अन् आमच्यायले सांग, अन् मी पळाली.

ती वरूडकडची एक म्हातारी होती. नऊवारीत, पाण्यात न उतरलेली. तिच्या घरचे सगळे पाण्यात अन् ही बारा पिशव्या सांभाळत झाडाखाली. म्हणून तिचा फोन तिच्याजवळ होता. तिनं मले नंतर सांगितलं, "ही पोरगी एका बाईच्या मागं गेली, परत आली. दुसरीच्या मागं गेली, परत आली. तिसरीच्या मागंही. मी म्हटलं, हिले आई सापडून नाई राहिली." वहिनीसारखेच ओले केस, निळे कपडे, कोणतीही बाई मागून वहिनीच दिसे तिले! तशीच एकीमागं एक करत ती तलाव सोडून पार त्या टोकाले पोहोचली होती. म्हातारीनं हाक मारली तं पोरीनं सरळ हात पुढं केला.

मी पोहोचली तेव्हा ती पिशवीवर बसून चिवडा खाऊन राहिली होती. मले पाहून म्हणते, "आत्या, मले सू लागली."

मी तिले उचलली ते इतकी गच्च का तिनं मले चावलं.

वहिनी आली. पोरीले घेतलं, तिच्या केसायत तोंड खुपसलं, मग म्हातारीच्या पाया पडली. म्हातारी तिले उठवत म्हणे, "पाया काय पडतं? बस, चिवडा खा. रंग पाहा तुह्या तोंडाचा." गार्डबाई आली, वायरलेसवर सापडली म्हणून सांगितलं, मग आमच्याकडं वळली. "नंबर तो बढ़िया लिखा। पर फोन उठाने वाला कौन था?"

मामा पार लालबुंद डोळ्यायनं माह्यासमोर आला.

"मले विचारलं काहून नाई वो तू?"

"तुम्हाले वाईट वाटन म्हणून."

"वाईट?" तो डोक्याले हात लावून बसला. "अवो माय, शंभर वेळा विचार! गचांडी पकडून विचार! अन् मीही, पोरगी खाली ठेवली अन् तुले आवाज नाई देला. मलेही वाटलं, हिले काय सांगायचं, उगीच हुकूम सोडल्यावानी होईन."

मामी म्हणे, "दोघंही मोठे मानाचे!" अन् सगळे हसले. वहिनी सोडून.

परतीच्या गाडीत पोरगी तिच्याच मांडीवर. मी मागं हात केला, नाई देली. आईनं मागितली, नाई देली. मामानं तं मागितलीच नाई. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिली. संत्र्याचे बगीचे चालले होते अन् मले वाटून राहिलं होतं, आता वहिनी पोट्टीले माह्याजवळ कधीच देणार नाई, अन् स्वतःही कधी कुठं किंचाळत घसरणार नाई. पोरगी सापडली, पण हे मी हरवून बसली.

सौसरले मामा-मामी उतरले. मामा खिडकीजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "ताई, पोरगी तुह्याजवळ आहे. आम्ही चाललो." वहिनीच्या ओठावर थोडं हसू आलं तेव्हा.

पुढं जामसांवली. आई म्हणे, रस्त्यावरच आहे, मारुतीले हात जोडल्याशिवाय घरी जायचं नाई. शनिवार होता. गर्दी म्हणजे गर्दी! नारळवाले, फुलवाले, रांगा, लेकरं. मी गाडीतून उतरून मुद्दाम चार पावलं लांब उभी राहिली.

वहिनी नळाजवळ गेली, हातपाय धुवाले. पोरगी कडेवर, एका हातानं नळ सुरू होईना. तिनं इकडं तिकडं पाहिलं. आई होती ना जवळ, आईजवळ देता आली असती. तिनं मले बोलावलं.

"इकडं ये."

मी गेली. तिनं पोरीले माह्या कडेवर ठेवलं, पण तिचा हात लगेच सोडला नाई. "तुह्याजवळ आहे," ती म्हणाली. "तोंडानं बोल."

"माह्याजवळ आहे," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"माह्याजवळ आहे!" रांगेतले दोन-तीन जण वळून पाहाले लागले.

वहिनीनं हात सोडला. नळ उघडला, पाय धुतले, मग तोंडावर पाणी मारलं, निवांत, दोनदा, तीनदा. तिनं एकदाही वळून पाहिलं नाई.