खाजणवाडकरांचं सुतक

कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजात गाड्यांच्या सीटा शिवणारे सखाराम खाजणवाडकर दरवर्षी आमच्या फिंतासच्या घरी गणपतीच्या मखराचं कापड शिवायला येत. घरात जो भेटेल त्याला एकच प्रश्न. "तुमच्या वळखीत कोण खाजणवाडकर आसा?" मला त्याचा वैताग यायचा. कुवेतात पाटील नि जोशी पैशाला पासरी. खाजणवाडकर कुठून पैदा करायचा?

खाजणवाडीत मुळात चार घरं, सगळी भाऊबंद. सखारामांच्या लहानपणी खाजणाचा बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं आणि माणसं पांगली. एकेक करून बाकीची घरं मिटली. सखारामांना मुलगा नाही. लेक सुचित्रा सासरी. बायको द्वारका वारली तेव्हा यांना सुट्टी मिळाली नाही. खोलीतली बाकीची पोरं बिर्याणी शिजवत होती आणि हे कोपऱ्यात एकटेच सुतक धरून बसले होते. गावात द्वारकेसाठी एकाही घरातली देवपूजा थांबली नाही. ते त्यांना फार लागलं होतं.

"सायबानू, मी गेलंय तर माझा सुतक कोण धरतलो?" ते विचारत.

"आधी जा तरी!" मी म्हणायचो. माझी जीभच तशी.

दोन वर्षांपूर्वी खरंच एक खाजणवाडकर सापडला. देवदत्त, बँकेतले, नुकतेच इथे आलेले. मीच दोघांना जेवायला बोलावलं. सखाराम नवा शर्ट घालून आले. शर्टाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमचा कुलदैवत खयचा?"

"जेजुरीचा खंडोबा," देवदत्त म्हणाले. त्यांचे पणजोबा घाटावरून बांध घालायला खाजणवाडीत आलेले मजूर. पुढे मुंबईत मुलांना शाळेत घालताना त्यांनी वाडीचंच नाव लावलं.

सखारामांची कुलदेवी वाघजाई. नाव एक, कूळ वेगळं. म्हणजे सुतक लागत नाही. सखाराम बराच वेळ खीर नुसती ढवळत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तेच म्हणाले, "र्‍हवांदे. तुमच्या पणज्यान घातलेल्या बांधावरसून मी शाळेत जाय होतंय."

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कोणालाच विचारला नाही.

यंदा श्रावण सरता सरता सखाराम खोलीवर झोपेतच गेले. पेटी विमानाने गावी गेली, जावयाने अग्नी दिला. मखराचं कापड आमच्याकडे अर्धवट शिवलेलं पडून होतं. ते बघून मला रडू आलं, पण सण काही थांबत नाही. आरतीला बोलवायला म्हणून मी देवदत्तना फोन केला.

"यंदा नाही जमणार, सदानंदराव," ते म्हणाले. "आमच्याकडे सुतक आहे."

"अरेरे! कोण गेलं?"



"आमचे सखारामकाका."