इचारलं का तिला?

आमच्या डोंगरकड्याची नर्सबाई विचारल्याबिगर कुणाला हात लावायची नाही. लेकराला सुई द्यायची तरी आधी त्यालाच, "देऊ का रे, राजा?" पोरगं न्हाई म्हणालं की बाई थांबायची, मागं रांग खोळंबायची. एकदा लेकीच्या पोराला घेऊन गेलो आन् चिडलो, "त्याला काय इचारता? मी आजा उभा हाये ना!" म्हणाली, "सुई तुमाला न्हाई टोचायची, बाबा." मी दुसरीतून शाळा सोडलेला, कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेतलं.

माझा पोरगा सुरतेला कापडाच्या लूमवर होता, तिथलीच त्यानं बायको केली. सूनबाई गुणाची. पण दिवस गेले आन् तिनं धसका घेतला. सुईण तपासायला आली तर कणगीमागं दडून लटलट कापायला लागली. बाळंतपणात ही मरते, या भीतीनं मी नर्सबाईला बोलावणं धाडलं.

नर्सबाई आली ती सूनबाईकडं पाठ करून उंबऱ्यात शेंगा फोडत बसली. असं रोज. एका दुपारी सूनबाई आपणहून तिच्याजवळ सरकली आन् बोलली. मग तिला विचारूनच बाईनं आम्हाला सांगितलं. माहेरच्या रिवाजापायी लहानपणी मिठाईच्या मिषानं नेऊन बायांनी तिला दाबून धरलं होतं, नाजूक जागी ब्लेड चालवलं होतं.

"तिथं वण हाये. फाटलं तर मला आवरायचं न्हाई. नांदेडला नेऊ," बाई म्हणाली आन् कळा सुरू होताच स्वतः जीपमध्ये बसली.

दवाखान्यात मी दाराबाहेर. आतून सूनबाईची किंकाळी आली. दवाखान्यातल्या आयाबायांनी नेहमीच्या सवयीनं तिचे पाय धरले होते. तेवढ्यात नर्सबाई कडाडली, "सोडा तिला! इचारलं का तिला?" मग सगळं चिडीचूप. मी दाराला कान लावला. किती वेळानं लेकरू रडलं.

बाई बाहेर आली तर तिचं मनगट काळंनिळं. "मी म्हणलं, तूच मला धर. बराबर धरलं पोरीनं!" आन् हसली.

पुढं बाईची बदली झाली. जाताना नातीचा पापाही विचारूनच घेतला.

नात शाळेत जायला लागली, तेव्हा माहेराहून सूनबाईची मावशी आली. "गुडिया को छुट्टी में ले जाती हूँ, मिठाई खिलाऊँगी." सूनबाई पांढरीफटक पडली. मी काठी उचलली, पण माझ्याआधी तीच दारात आडवी झाली.

"इचारलं का तिला?"

"मला न्हाई जायचं," नात म्हणाली.

मावशी वारंग्याला जाणाऱ्या जीपकडं निघून गेली. सूनबाई अजून कापत होती. तिनं पोरीला धरलेलं नव्हतं. पोरीनंच आईचं मनगट घट्ट धरलं होतं.