अरविंदने मला न सांगितलेलं अलास्का

अरविंद गेल्याचा शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढीचा साबण लावून आरशासमोर उभा होतो. मित्र गेल्याचं कळल्यावर माणसाच्या मनात काय यावं याचे काही संकेत असतील, पण माझ्या मनात आलं ते असं : घ्या, इथेही हा माझ्या आधी. मग मात्र स्टुलावर बसलो, आणि साबण गालावर वाळून गेला तरी उठवेना. आज काही आठवडे लोटलेत. दुःख आहेच, पण त्याच्या जोडीला हेवाही आहे, आणि तो अजून ओसरलेला नाही.

आम्ही दोघं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकाच पाळीत लागलो. बॉयलरच्या धगीत अंगातला सदरा ओला होऊन अंगावरच वाळायचा. तिथल्या खोलीत कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर निळसर बर्फाच्या भिंतीसमोर उभं असलेलं एक लहानसं पांढरं जहाज. खाली लिहिलं होतं, अलास्का. ते चित्र आधी मी पाहिलं, हे इथे नोंदवून ठेवतो. ‘अरविंद, हे बघ’ असं मी म्हटलं होतं. त्याने बघितलं, वर्ष संपल्यावर चित्र कापून आपल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं, आणि तेव्हापासून सगळे ‘अरविंदचं जहाज’ म्हणायला लागले. तो बोलका होता, मी नव्हतो. बोलक्या माणसाच्या नावावर दुसऱ्याची स्वप्नंसुद्धा चटकन चढतात. बरं, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. पिक्चर बघून आला की आपण तिकीट काढायच्या आत शेवट सांगून मोकळा. कितीदा भांडलो त्यावरून…

मुलींची लग्नं, घरं, निवृत्ती, सगळं उरकल्यावर आम्ही खरंच ठरवलं. शहराएवढी मोठी क्रूझ नको, चित्रातल्यासारखं छोटं जहाज हवं, अगदी आतल्या खाड्यांमध्ये शिरणारं, जिथे गाव नाही, रस्ता नाही. शैलावहिनींना गोदावरीतल्या नावेतही मळमळतं, आणि माझ्या घरी तर मी एकटाच, त्यामुळे दोघांनीच जायचं होतं. व्हिसा आला, लोकरीचे मोजे आले, आणि निघायला दोन महिने असताना माझ्या छातीत कळ आली. स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, जिथून दवाखाना दिवसभराच्या अंतरावर आहे तिथे यंदा नाही. अरविंद म्हणाला, ‘मग मीही रद्द करतो.’ मी म्हटलं, ‘छे, तू जा.’ अशा वेळी समोरच्याने दोन-चारदा तरी नाही म्हणावं अशी आपली अपेक्षा असते. त्याने एकदाच विचारलं, ‘नक्की?’ आणि गेला.

माझ्या जागी गेले त्याचे साडू, भास्करराव, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे त्यांच्याकडे व्हिसा तयार होता, एवढीच त्यांची पात्रता. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. माझे लोकरीचे मोजेसुद्धा तेच घालून गेले.

अरविंद परत आला तो माझ्यासाठी एक टोपी घेऊन. मी विचारलं, ‘कसं होतं?’ तर म्हणाला, ‘थंडी होती रे. पाणी होतं.’ बस. पुन्हा विचारलं तर गुडघ्याचं दुखणं काढलं. मला वाटलं, दमला असेल. पण पुढच्या आठवड्यात केस कापताना सलूनवाला म्हणाला, ‘काका, तो देवमासा काय उसळला म्हणे…’ आणि एकदम गप्प होऊन कात्री चालवायला लागला. दूधवाल्याला अस्वल माहीत होतं. शैलावहिनींना तर सगळंच माहीत असणार, पण मी विषय काढला की त्या पोहे करायला उठायच्या. म्हणजे अख्ख्या नाशिकरोडला सांगून झालं होतं, मी सोडून. माझी कीव करतोय, की ते सगळं एकट्याचं करून बसलाय, काही कळेना. आठवडाभर मी संध्याकाळच्या चहाला गेलो नाही. मग तोच घरी आला, दोन कप चहा प्यायला, क्रिकेटवर बोलला आणि गेला. जहाजाचं नाव नाही.

परवा शैलावहिनींना भेटायला गेलो तर भास्करराव आलेले. वहिनी आत गेल्यावर मी सरळ विचारलं, ‘तुम्ही तरी सांगा, काय बघितलंत तिथे?’ ते आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘माले इचारू नका भाऊ. शपथ घाली शे त्यानी. सगळास्ले.’

‘कसली शपथ?’

‘तुम्हले काही सांगानं नही. तो म्हणे, सुधाकर बरा व्हई, मी त्याले घी जासू, आणि तो पहिल्यांदा पाही तवय माले त्यानं तोंड पाहानं शे.’ मग म्हणाले, ‘तुमनाकडथून घर उना का माले फोन करे. तासभर बोले. पोट फुगे त्यानं.’

म्हणजे मी बरा झालो की तो मला घेऊन जाणार होता, आणि मी ते पहिल्यांदा बघताना त्याला माझं तोंड बघायचं होतं. ज्याच्या पोटात पिक्चरचा शेवट राहत नव्हता, त्याने हे वर्षभर ठेवलं होतं. आणि इतकं ऐकूनही मला हेवा वाटला तो त्या फोनचा, तासभर चालणाऱ्या. मी म्हटलं, ‘आता तो नाही. शपथ सुटली म्हणायची. सांगा.’

‘तुम्ही म्हणीसन कशी सुटी? ज्यानी घाली त्यानीच सोडाले पाहिजे.’

भिंतीवर अरविंदचा हार घातलेला फोटो होता. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं. तो आता काही सोडणार नव्हता. म्हणजे मला हे कुणीही, कधीही सांगणार नव्हतं. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि तपासणीची वेळ मागितली. डॉक्टर यंदा तरी अलास्काला जा म्हणतील का, माहीत नाही. भास्कररावांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘मी येस तुमनासंगे.’ केबिनमध्ये दोन पलंग असतात, एक खिडकीला लागून, एक दाराशी, आणि अरविंदने त्यांना खिडकीजवळ एकही दिवस झोपू दिलं नाही, एवढं मात्र त्यांनी सांगितलं, कारण ते शपथेत येत नव्हतं.

मी त्यांना तिथल्या तिथे बजावलं, खिडकीजवळ मी झोपणार.