इंग्रजीच्या पेपरात मायाबाई

माया रामटेके रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका कापडदुकानात एकोणीस वर्षांपासून साड्या विकते. कोणती साडी रंग सोडेल, हे ती बोटं लावून सांगते. बारावीच्या इंग्रजीत मात्र ती तीनदा आपटली. चौथ्यांदा फॉर्म भरला, तर ऐन पेपराच्या दिवशी हळद लागली. परीक्षेपेक्षा लग्न सोपं असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. तो अंदाजही साफ चुकला, असं ती नवऱ्यादेखत सांगायची.

तिच्या मुलीची, पायलची, बारावी झाली. दिल्लीच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत तिचा नंबर लागला नाही आणि घरात मयत झाल्यासारखी शांतता पसरली. पोट्टी दोन दिवस जेवली नाही.

"काहून रडून राहिली बाई?" माया म्हणाली. "परीक्षा म्हणजे का देव हाय?"

पायल हिंदीतच फणकारली, "आपको क्या पता? आपने तो बारहवीं भी पास नहीं की."

तिसऱ्या दिवशी मायाने ओपन स्कूलचा, घरून बारावी द्यायचा फॉर्म आणला.

नवरा प्रफुल्ल रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. तो म्हणाला, "या वयात?"

"तुमच्याशी जमवून घेतलं ना? इंग्रजीशीही घेईन."

पायलने रायपूरच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि आईची शिकवणी घेऊ लागली. बाई फार कडक निघाली. चूक झाली की दहादा लिहायला लावायची. माया लिहिता लिहिता पुटपुटायची, "हिले मीच जन्म दिला, बरं."

मार्चात परीक्षा झाली. हॉलमध्ये पोलिसातले दोघं, एक न्हावी, बऱ्याच बाया. पर्यवेक्षिका मायापेक्षा लहान, तरी सगळ्यांना "बच्चो" म्हणत होती. पेपरात पत्र आलं: विकत घेतलेल्या कापडाचा रंग गेला, दुकानदाराकडे तक्रार करा. मायाने दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीला तिची लेखणीच चालेना. असल्या तक्रारी ऐकून तिचे कान किटले होते. तिने सरळ काट मारली आणि दुकानदाराचं उत्तर लिहून टाकलं: बहनजी, धुतलेला माल परत होत नाही, पहिल्या धुण्याला मीठ टाकायचं सांगितलं होतं. अख्खं पान भरलं. शेवटी नम्रपणे सहीसुद्धा केली.

घरी ते ऐकून पायलने कपाळाला हात लावला. "मम्मी, शिकायत करनी थी!"

"मले खोटं लिहिता येत नाही."

निकाल लागला. इंग्रजीत एकोणचाळीस. पास.

पायल नाचली, प्रफुल्लने पेढे आणले. माया मात्र मोबाईलकडे बघत बसून राहिली. तिला आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. एवढ्याशा आकड्यासाठी पंचवीस वर्षं ती प्रत्येक फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'दसवीं' लिहिताना मान खाली घालत आली होती.

"आता?" प्रफुल्लने विचारलं.

"आता बी.ए.," ती म्हणाली. "कॉलेजात न जाता, बाहेरून."

"परीक्षा देव नाही म्हणत होती ना?"

"नाहीच हाय. पण लोकं नारळ फोडतात तिथं, तर आपणही एक फोडून पाहू."

फॉर्म पायलने भरला. विषय मायाने स्वतः निवडले: इतिहास, समाजशास्त्र आणि, पायलने दोनदा विचारूनसुद्धा, इंग्रजी साहित्य.