शाळेमागचं खाचर

धोंडूआबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीचा वर्ग घेत होते. रडू यायच्या आधी मनात आलं ते भलतंच... शाळेमागच्या खाचरातली रोपं लावणीला आलीत, आता त्यांचं काय होणार?

आबा आमच्या गावातले भातशेतकरी, चौथी शिकलेले. बोर्ली पंचतनच्या रस्त्याला आमची शाळा आहे. शाळेला लागून असलेलं आपलं खाचर आबांनी मुलांना भातशेती शिकण्यासाठी दिलं, आणि शिकवायलाही स्वतःच आले. पालक कुरकुरले. एका आईने तर तोंडावर विचारलं, "पोरांना चिखलातून काढायला शाळेत घातलं, न् तुमी परत चिखलात घालताय?"

आबा म्हणाले, "पोरं उद्या मुंबैला जातील, जाऊंदेत. पन खातात तो भात व्हतो कसा, येवढं तरी ठावं असूंदे." दुसऱ्या दिवशी त्याच आईने मुलाला जुने कपडे घालून पाठवलं.

मी घाटावरची, गणिताची बाई. भात मला कुकरमध्येच भेटलेला. तरी पहिल्या वर्षी मोठ्या ऐटीत मी मुलांना सांगितलं, रोपं चांगली खोल रोवा, म्हणजे पडणार नाहीत. मुलांनी मनगटापर्यंत हात घालून अख्खी ओळ लावली. आबा बांधावर पोट धरून हसले. "बाई, रोप हाय, मांडवाचा खांब न्हाय!" पण ती ओळ त्यांनी उपटू दिली नाही. शेजारी स्वतः उथळ रोवून एक ओळ लावली आणि महिन्याभराने मुलांना दोन्हींचे फुटवे मोजायला बसवलं. माझी ओळ सपशेल हरली. मुलांनी दोन्ही ओळींची सरासरी काढून फळ्यावर लिहिली आणि वर्षभर मला चिडवलं. इतकं मन लावून गणित त्यांनी कधीच केलं नव्हतं.

यंदा पेरणी झाली, रोपं वीतभर वाढली आणि आबा गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "या वर्षी राहू द्या." माझ्याच्याने हो म्हणवेना. रोपं थांबत नाहीत, जून झाली की फुकट जातात. आणि खाचर एकदा पडीक राहिलं की पुढच्या वर्षी त्यात कोणी पाय घालत नाही, हे मी गावभर बघत होते. चौथ्या दिवशी साडी खोचून उतरले, तर मुलं आधीच चिखलात! थोडं रडणं झालं, बरीच चिखलफेक झाली, आणि लावणी पुरी झाली. मला इतका आनंद झाला की लाजच वाटली.

एका कोपऱ्यात मात्र रोपांची एक जुडी तशीच उभी होती. "ही राहिली की," मी म्हटलं.

"न्हाय बाई, ती ठेवायची असते," सातवीतली सुवर्णा म्हणाली. "खेकडं रोपं कापतात. जितं मरंल तितं ह्यातलं लावायचं. आबा दरसाल ठेवायचं."

इतक्या वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं. आठ दिवसांनी खरंच मधेमधे जागा मोकळ्या झाल्या. मी काही सांगायच्या आत मुलं मधल्या सुट्टीत जाऊन त्या भरून आली. आता वर्गाच्या खिडकीतून बघते, तर आधीचं रोप कुठलं आणि मागाहूनचं कुठलं, ओळखू येत नाही... बांधावरची आबांची जागा मात्र मला बरोबर दिसते. तिथे सध्या सुवर्णा उभी असते, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांवर ओरडत.