आईचे संवाद

माझ्या पहिल्याच नाटकाची तालीम चालू होती. त्यातल्या आईला मी दोन पानांचं बोलणं दिलं होतं. माझी आई वडिलांसमोर जन्मभर जे बोलली नाही, ते सगळं त्यात होतं. आईचं काम करणाऱ्या सुमनताई मध्येच थांबल्या.

"अगं, ही बाई एवढं बोलणार नाही. मी नुसती उठून आत जाते, बघ."

पदराला हात पुसत त्या आत गेल्या. हॉलमध्ये कुणी हललं नाही.

"हेच ठेवू या," दिग्दर्शक हळूच म्हणाले.

नाटक म्हणून ते बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. मी दोन्ही पानांवर काट मारली. पण एकदा तरी आईनं बोलावं, म्हणून तर मी नाटक लिहायला बसले होते.