गंगेवर ह्यांनी मला ओळखलं नाही

सांगलीची बस उजाडताना नाशिकला पोहोचली. पंचवटीतल्या लॉजवर आंघोळी उरकल्या, ह्यांनी नेहमीप्रमाणे इन्शुलिन टोचून घेतलं आणि आम्ही मिसळ खायला निघालो. तिथे ही भलीमोठी रांग! हे म्हणाले, "आधी गंगेवर जाऊन येऊ." (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मलाही पटलं.

रामकुंडावर ओल्या पायऱ्या, कबुतरं, पूजेची लगबग. मी फोटो काढण्यात गुंतले. वळून पाहते तर हे भलत्याच एका कुटुंबामागून निघालेले. हाका मारल्या, थांबेनात. धावत जाऊन दंड धरला, तर हिसडा देऊन ओरडले, "कोण तुम्ही? माझ्या मागे का लागलात?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते. 

माणसं जमली. "सकाळीसकाळीच टाकून आलाय," कुणीतरी म्हणालं. हे खरंच झोकांड्या खात होते, जीभ जड झाली होती. पण एवढ्या गार वाऱ्यातही शर्ट घामाने निथळत होता. तेव्हा लक्षात आलं. सुई घेतलीय आणि पोटात अन्नाचा कण नाही.

"दारू नाही हो, साखर उतरलीय! काहीतरी गोड द्या!"

एका रिक्षावाल्याने गाड्यावरून उसाचा रस आणला. ह्यांनी ग्लास उडवून लावला. "विष आहे त्यात!" रिक्षावाल्याने त्यांना पायरीवर बसवलं, मागून खांदे धरले. "काका, घ्या ना थोडं. लय गोड हाय." दुसरा ग्लास मी ओठांना लावला. गिळता येत होतं, हेच नशीब.

हळूहळू नजर स्थिरावली. "नंदा, रडतेस कशाला? आणि मी असा भिजलो कसा?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदू साखरेवर चालतो. ती फार उतरली की माणूस चिडतो, बरळतो, घरच्यांनाही ओळखत नाही. उशीर झाला असता तर झटके येऊन शुद्ध गेली असती."

निफाडचे द्राक्षमळे पाहायचे राहिले. दुसऱ्या दिवशी परतीची बस धरली. मरणाची भीती मला ठाऊक होती. पण माणूस समोर उभा असताना नाहीसा होतो, तोही एका चुकलेल्या न्याहारीपायी, हे ठाऊक नव्हतं. हे खिडकीशी डुलक्या घेत होते. दर थांब्याला मी त्यांना हलवत होते.

"अहो, काहीतरी बोला."

"काय झालं, नंदा?"

तेवढं ऐकलं, की पुढच्या थांब्यापर्यंत मला पुरायचं.